ब्रश कुठला, हे विचारण्याआधी साय का पळते ते बघूया

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: ठाण्याला फ्लॅटमध्ये दोन मांजरं, दोघंही कधीच बाहेर न जाणारी. साय दोन वर्षांची पर्शियन, बंड्या चार वर्षांचा देशी बोका. सोफ्यावर, चादरीवर, ऑफिसच्या काळ्या पँटवर केसच केस. ऑनलाइन चांगले अभिप्राय वाचून तुम्ही बटणवाला स्लिकर ब्रश मागवलात, म्हणजे बारीक वाकड्या तारांचा, अडकलेले केस बटण दाबून काढता येतात असा. बंड्या तो दिसला की उठून जातो. साय तर ब्रशचा ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला तरी पलंगाखाली जाते आणि बाहेर काढली तर फिसकारते. आता तुम्हाला पाचशे रुपयांपर्यंतचा, दोघांना चालेल असा एकच चांगला ब्रश हवा आहे.

मी बारा वर्षं पुण्यात घरोघरी जाऊन मांजरांचं ग्रूमिंग करते आहे. त्याआधी तीन वर्षं प्राण्यांच्या दवाखान्यात मदतनीस होते. तेवढ्या अनुभवावर सांगते: दोघांना एकच ब्रश चालणार नाही, पण दोघांचं मिळून पाचशेच्या आसपास काम होऊ शकतं. आणि सायसाठी पहिली खरेदी ब्रशची नाही, स्टीलच्या फणीची करा.

तुम्ही सोफ्यावरच्या केसांबद्दल विचारलंय, पण मला तुमच्या प्रश्नातलं ड्रॉवरचं वाक्य जास्त महत्त्वाचं वाटलं. मांजर नुसत्या आवाजाने पलंगाखाली जाते तेव्हा तिला त्या वस्तूने बहुधा दुखलेलं असतं. त्याला तिचा स्वभाव किंवा नखरे समजू नका. दुखण्याची कारणं साधारण दोन. एक, ब्रशच्या तारा कातडीला ओरखडतात. दोन, वरून दिसत नाही असा गुंता आत आहे आणि ब्रश दर वेळी तो मुळापासून ओढतो. पर्शियनमध्ये मला दुसरं कारण फार जास्त वेळा सापडलंय.

याचं मूळ दोघांच्या केसांतल्या फरकात आहे. बंड्याचे केस आखूड आणि अंगाला चिकटून बसलेले. मेलेला केस सुटला की खाली पडतो, किंवा तो चाटून गिळतो. सायच्या बाबतीत वरच्या लांब केसांखाली मऊ लवेचा दाट थर असतो. मेलेली लव सुटते, पण खाली पडत नाही. ती जिवंत केसांत अडकून राहते, अंगाच्या हालचालीने घासली जाते आणि हळूहळू तिची जट बनते. आज सोफ्यावरचे केस जरा निरखून बघा. कापडात सुईसारखे रुतून बसलेले, दोन-तीन सेंटिमीटरचे, सरळ केस बहुतेक बंड्याचे निघतील. सायचे केस त्यामानाने कमी दिसले तर खूश होऊ नका, ते तिच्या अंगातच साठत असतील.

मांजर स्वतःला चाटून साफ ठेवते, मग आपण कशाला, असं बरेच जण विचारतात. देशी मांजराबाबत ते बरंचसं खरं आहे. मांजराच्या जिभेवर मागच्या बाजूला वळलेले कडक काटे असतात. 2018 मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकमधल्या संशोधकांनी घरच्या मांजरापासून सिंह-वाघांपर्यंत मार्जारकुळातल्या सहा प्रजातींच्या जिभा तपासल्या. या काट्यांची टोकं पन्हळीसारखी पोकळ असतात, त्या पोकळीत लाळ भरली जाते आणि ती केसांच्या मुळाशी, कातडीपर्यंत पोचते, असं त्यांना दिसलं. त्यांनी असंही मोजलं की चाटताना केस दाबले गेल्यावर काटा कातडीपर्यंत पोचतो का. जवळपास सगळ्यांचा पोचत होता. पर्शियनचा पोचत नव्हता. तिचे केस माणसाने निवडून निवडून इतके लांब आणि दाट केलेत की तिची स्वतःची जीभ तिथवर जात नाही. जे काम जीभ करू शकत नाही ते आपल्या हातातल्या अवजाराने करायचंय. म्हणून ते अवजार कातडीपर्यंत पोचतं का, हा माझा पहिला प्रश्न असतो. बाकीचे गुण त्यानंतर.

एक प्रसंग सांगते, कारण मी फणीवर इतका भर का देते ते त्यातून कळेल. कोथरूडला एका बाईंकडे पांढरी पर्शियन होती. बाई रोज संध्याकाळी न चुकता दहा मिनिटं स्लिकर ब्रश फिरवायच्या. मांजरी दिसायला देखणी, वरचे केस रेशमासारखे. मला बोलावलं होतं नखं कापायला. सवयीने मी पुढच्या पायामागे फणी घातली. ती बोटाचं एक पेर आत गेली आणि थांबली. पुढे भिंत असावी तशी. बोटांनी भांग पाडून बघितलं तर वरच्या मोकळ्या केसांच्या खाली, कातडीला लागून, करड्या रंगाचा एकसंध थर. लोकरीचा बुरणूस विणत नाहीत, लोकर भिजवून, दाबून त्याचा जाड पत्रा करतात. अगदी तसा. बगलेपासून पोटापर्यंत आणि मागच्या मांडीच्या आतपर्यंत तो पसरला होता. बाईंना रडू आलं. त्यांची काळजी खोटी नव्हती, रोजचा वेळ खोटा नव्हता. त्यांच्या हातातला ब्रश फक्त वरवर फिरत होता. स्लिकरच्या तारा मऊ आणि वाकलेल्या असतात, दाट लवेवर त्या दबतात आणि वरून सरकतात. शेवटी डॉक्टरांनी गुंगीचं इंजेक्शन देऊन मशीनने तो थर काढला. खाली कातडी लाल, ओलसर आणि जागोजागी सोललेली. नंतरच्या आठवड्यात ती मांजरी किती वर्षांनी खिडकीच्या कट्ट्यावर उडी मारून चढली म्हणे. पाऊल पुढे टाकताना बगलेत कातडी ओढली जात होती, म्हणून ती उड्याच मारत नव्हती.

तर फणी कशी निवडायची. धातूची घ्या, प्लास्टिकची नको. प्लास्टिकच्या दातांना कडा राहतात आणि कोरड्या हवेत केस उभे राहून चिकटतात. दात गोल आणि टोकं गोलसर हवीत. लांबी साधारण अडीच सेंटिमीटर, म्हणजे ते सायच्या केसांच्या थरातून कातडीपर्यंत जातील. अर्धी फणी विरळ दातांची आणि अर्धी बारीक दातांची मिळते, ती एकच फणी तुमची दोन्ही कामं करेल. विरळ बाजूने आधी मोकळं करायचं, बारीक बाजूने तपासायचं. दुकानात किंवा पार्सल उघडल्यावर ती स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूवर, जिथे कातडी पातळ असते तिथे, फिरवून बघा. पांढरी रेघ उठली किंवा टोचलं तर परत करा. मांजराची कातडी आपल्यापेक्षा पातळ आणि सैल असते. आपल्याला जे जेमतेम जाणवतं ते तिला लागतं. हीच परीक्षा आत्ता घरातल्या स्लिकरचीही करा. बटणवाल्या ब्रशांच्या काही तारा चांगल्याच टोकदार असतात. टोकाला प्लास्टिकचे मणी लावलेला स्लिकर सुरक्षित वाटतो, पण लांब केस त्या मण्यांना अडकून तुटतात, आणि मणी गळाला की उरलेली उघडी तार ओरखडते.

स्लिकर फेकू नका. फणी पूर्ण अंगातून अडथळ्याशिवाय फिरली की मग शेपटी आणि मागच्या मांड्यांवरचे केस फुलवायला तो हलक्या हाताने छान काम करतो. मात्र सायच्या मनात त्याची भीती बसली आहे, म्हणून पहिले दोन महिने तो तिच्या नजरेआड ठेवा. ड्रॉवरही बदला.

बंड्याचं सोपं आहे. त्याला मऊ रबरी ब्रश घ्या, तळहातात मावणारा, बोटाएवढ्या जाड रबरी दातांचा. केस वाढतात त्याच दिशेने, मानेपासून शेपटीकडे, थोडा दाब देऊन फिरवायचा. मेलेले केस रबराला चिकटून येतात आणि बोक्यांना तो बहुधा आवडतोच, कारण त्यांना ते गाल घासल्यासारखं वाटतं. शेवटी हात किंचित ओला करून अंगावरून एकदा फिरवा, सुटे राहिलेले केस हाताला येतील. रबरी दातांचे हातमोजे मिळतात तेही चालतात, फक्त त्यांनी जरा जास्त वेळ लागतो. रबर सायसाठी नको. लांब केसांत ते लव आणखी गुंतवतं.

ब्लेड असलेली डिशेडिंगची, म्हणजे मेलेले केस ओढून काढणारी, अवजारं हल्ली खूप विकली जातात आणि तुमच्या यादीत ती नक्की आली असतील. त्यांनी एका बैठकीत केसांचा डोंगर निघतो आणि माणसाला समाधान वाटतं. पण त्या ढिगात मेलेल्या लवेबरोबर तुटलेले चांगले केसही असतात. पाठीच्या कण्यावर आणि कमरेच्या हाडांवर, जिथे मांस कमी आहे, तिथे रोज फिरवल्याने खरचटलेली मांजरं मी बघितली आहेत. बंड्यावर महिन्यातून एखाद्या वेळी, हलका हात ठेवून, चार-पाच फेरे, इतपत मी मान्य करेन. सायवर मी स्वतः कधीच वापरणार नाही.

आता हाताची रीत, कारण चांगली फणी चुकीच्या हातात तितकीच दुखवते. लहानपणी तुमच्या आईने वेणी घालताना केस कसे विंचरले ते आठवा: मुळाशी केस मुठीत घट्ट धरायचे, म्हणजे ओढ डोक्याला लागत नाही, आणि टोकाकडून विंचरत वर यायचं. सायच्या बाबतीत हेच. डाव्या हाताच्या बोटांनी भांग पाडा, कातडीची रेघ दिसली पाहिजे. भांगाखालचा केसांचा लहानसा पट्टा कातडीलगत धरा, आधी टोकं मोकळी करा, मग मधला भाग, शेवटी मुळापासून टोकापर्यंत एक सलग फणी. मग बोटभर वर सरकून दुसरा भांग. पाठीवर वेळ घालवू नका, तिथे क्वचितच गुंता होतो. कानामागे, गळ्याखाली, पुढच्या पायांच्या बगलांत, पोटावर, मांड्यांच्या आत आणि शेपटीच्या मुळाशी गुंता होतो. गळ्यात पट्टा असेल तर त्याच्याखालीही. फणी अडली की तिथेच थांबायचं. जोर लावायचा नाही; बोटांनी तो गुंता उभा, म्हणजे केसांच्या दिशेने, सोडवत दोन-तीन भाग करायचे आणि मग टोकाकडून फणी.

पण हे सगळं साय बसली तर. तिच्यासाठी सुरुवात वेगळ्या खोलीत, वेगळ्या वेळी करा. जेवणाच्या थोडं आधी बरी, भूक असते. पहिले तीन-चार दिवस फणी नुसती जमिनीवर ठेवा आणि तिच्याशेजारी उकडलेल्या चिकनचा धागा, मीठ-हळद-कांदा न घातलेला. ती येऊन हुंगून खाईल, तेवढंच. मग एक दिवस गालावर तीन फेरे आणि खाऊ. गाल आणि हनुवटी ही मांजराची लाडाची जागा, तिथून सुरुवात केली की विश्वास लवकर बसतो. पोट आणि बगल सगळ्यात शेवटी, कदाचित महिन्याभराने. शेपटीचं टोक झटकायला लागलं, पाठीची कातडी थरथरली, कान आडवे झाले, की ती नको म्हणतेय. त्याच्या एक फेरा आधी थांबायला शिका. आधी थांबलात तर ती उद्या परत बसेल. मानगूट धरून किंवा टॉवेलमध्ये गुंडाळून उरकून टाकायचं असं घरच्या रोजच्या कामात करू नका.

आधीच जट झाली असेल तर मला तीन गोष्टी कळकळीने सांगायच्या आहेत. कात्री लावू नका. मांजराची सैल कातडी जटेबरोबर उचलली जाते आणि केस कुठे संपतात, कातडी कुठे सुरू होते, हे बघूनही कळत नाही. दवाखान्यात असताना जट कापताना बगलेची कातडी कापलेलं मांजर माझ्यासमोर टाक्यांसाठी आलंय, आणि कापणारा मुलगा सगळ्यात सावध माणूस होता. दुसरं, जट असताना आंघोळ घालू नका. पाण्याने ती आवळते, वाळली की दगड होते. आधी विंचरणं, मग आंघोळ. तिसरं, खोबरेल तेल, कंडिशनर, माणसांचा कुठलाही स्प्रे नको, ती सगळं चाटून पोटात घेणार. लहान, सुपारीपेक्षा छोटा, हलणारा गुंता असेल तर त्यावर चिमूटभर कॉर्नफ्लोअर चोळून बोटांनी सोडवा, केस सुळसुळीत होऊन सुटतात. सुपारीहून मोठा, कातडीला चिकटलेला, किंवा हात लावताच ती ओरडते असा असेल तर ते मशीनचं काम आहे. अनुभवी ग्रूमर किंवा डॉक्टर यांनाच करू द्या.

किती वेळा विंचरायचं, हे मात्र परिस्थितीवर आहे. सायला साधारण एक दिवसाआड पाच-सात मिनिटं, बंड्याला आठवड्यातून दोनदा पुरे. ठाण्याच्या पावसाळ्यात दमट हवेने केस चिकट राहतात, तेव्हा सायला रोज लागू शकतं. केस झडणं उजेडाच्या लांबीशी जोडलेलं असतं. घरातल्या मांजरांना रात्री उशिरापर्यंत दिवे असतात, म्हणून त्यांचे केस वर्षभर थोडे थोडे झडतात. तरी होळीच्या आगेमागे माझ्या पिशवीत दुप्पट केस जमतात हा दर वर्षीचा अनुभव आहे. थोडक्यात, वेळापत्रकापेक्षा बारीक फणी बगलेतून अडखळते का, हे माप धरा.

फणी हातात आली की आणखी एक फायदा होतो, तुम्हाला अंग कळायला लागतं. बारीक दातांत काळे कण आले तर ओल्या पांढऱ्या कापसावर टाका. लालसर डाग उमटला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. फ्लॅटमध्येही पिसवा आपल्या कपड्यांवरून येतात. अशा वेळी कुत्र्याचं औषध मांजराला लावू नका, त्यातल्या काहींत परमेथ्रिन हे कीटकनाशक असतं आणि ते मांजराला जीवघेणं ठरू शकतं. कुठे गोल टक्कल आणि कोंडा दिसला तर बुरशी असू शकते. पर्शियनमध्ये ती नेहमी दिसते, माणसांनाही लागते आणि एकाच्या अवजारावरून दुसऱ्याला जाते. दोघांची अवजारं वेगळी ठेवा म्हणते त्याचं हे दुसरं कारण. बंड्या पुढे कधी वयाने किंवा वजनाने जड झाला आणि कमरेवरचे केस तेलकट, गठ्ठे झालेले दिसले, तर ब्रश वाढवू नका. त्याची मान तिथवर वळत नसेल. सांधे किंवा दात दुखत असतील. डॉक्टरांना दाखवा. तसंच केसांचा गोळा एखाद्या वेळी ओकणं वेगळं, आणि वारंवार उबळ येऊन काहीच न पडणं वेगळं. दुसऱ्यात दमाही असू शकतो, आणि त्यासोबत खाणं बंद झालं असेल तर थांबू नका.

मागवायच्या दोनच वस्तू आहेत: सायला दोन अंतरांच्या दातांची स्टीलची फणी, बंड्याला मऊ रबरी ब्रश. पण ऑर्डर देण्याआधी आज रात्री एक करा. साय तुमच्या मांडीशी झोपलेली असेल तेव्हा नुसती बोटं, कुठलंही अवजार न घेता, तिच्या पुढच्या पायामागे कातडीपर्यंत न्या. केस मोकळे लागतात, मटारासारखा गोळा लागतो, की सपाट जाड थर लागतो, ते मला कळवा. मोकळे असतील तर फणी मागवून टाका. थर लागला तर आधी डॉक्टरांची वेळ घ्या, आणि ते केस निघून कातडी बरी होईपर्यंत सायला कशानेच विंचरू नका.